साथीचा हिशेब : मांडवी ते रामकुंड

मुंबईच्या मांडवी भागातल्या गल्ल्या १८९६ साली धान्याच्या गोदामांनी गच्च भरलेल्या होत्या. बंदर हाकेच्या अंतरावर. पोती उतरायची, रचली जायची, पुन्हा गाड्यांवर चढायची, आणि पोत्यांच्या आडोशाला उंदरांचा संसार वाढायचा. त्या वर्षी पावसाळा सरता सरता या भागात मेलेले उंदीर सापडू लागले. पाठोपाठ माणसं पडू लागली. सणसणून ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि थोड्याच दिवसांत खेळ खलास. त्या वस्तीतले रोगी पाहणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी रोग ओळखला. ते महापालिकेचे सभासदही होते. २३ सप्टेंबरला त्यांनी स्थायी समितीपुढे सांगून टाकलं की शहरात प्लेग आला आहे.

ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. प्लेगचं नाव निघालं की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना दार लावणार, हे व्यापारी जाणून होते आणि सरकारही. म्हणून सुरुवातीला ‘गाठीचा ताप’ अशी सौम्य भाषा वापरून पाहिली गेली. पण रोज निघणाऱ्या तिरड्या आणि जनाजे काही झाकता येत नव्हते. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर भरली होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली.

ती गेली कुठे? आपापल्या गावी. कोकणातले बोटीनं गेले, देशावरचे रेल्वेनं. जी.आय.पी. रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला होता. कल्याण, कसारा, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड अशी ही वाट तीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांना मजूर आणि बाजारांना माल पुरवणारी मोठी वाट झाली होती. तिच्यावरून आता रोग उलट दिशेनं घाट चढला. ट्रंकांत, गाठोड्यांत, धान्याच्या पोत्यांत प्लेगच्या पिसवा कुणाच्याही नजरेस न पडता प्रवास करत होत्या.

साथ कुठून निघते, कुठे पोचते आणि कधी ओसरते, हे मोजण्याचा आधुनिक उद्योग आपल्याकडे या धांदलीत सुरू झाला. नाशिक जिल्हा त्या कथेच्या अगदी पहिल्या अंकापासून रंगमंचावर आहे आणि आजही उतरलेला नाही. या सव्वाशे वर्षांत उपकरणं बदलली, गणित बदललं. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा तशीच घडली. मोजणाऱ्याची दहशत बसली की लोक रोगी लपवतात, आणि रोगी लपले की सगळा हिशेब कोसळतो.

भिंतीवरची वर्तुळं

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा, पण त्यानं सरकारच्या हाती अमर्याद अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी घरात शिरावं, रोगी उचलून न्यावा, त्याच्या घरच्यांना छावणीत डांबावं, सामान जाळावं, कौलं काढून घर उघडं करावं. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उभं करून काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. बायकांची तपासणीही अनेक ठिकाणी चारचौघांत झाली.

मुंबईत प्लेग झालेल्या घराच्या भिंतीवर खूण करायची पद्धत पडली. एकेका बळीमागे एकेक वर्तुळ. एखाद्या चाळीच्या दाराशी अशी सात-आठ वर्तुळं ओळीनं काढलेली त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरं रंगवली जात. सरकारच्या दृष्टीनं ती नोंद होती. चाळीत राहणाऱ्याच्या दृष्टीनं तो डाग होता. त्या वर्तुळानंतर शेजारी बोलायचे बंद, कामावरून काढलं जाणार आणि रात्री-बेरात्री पुन्हा तपासणीवाले दारात.

परिणाम व्हायचा तोच झाला. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात रोग्याच्या तपासणीवरून दंगल पेटली. पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यानं गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या चालवल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना प्लेगनं गेल्या, ती तारीख १० मार्च १८९७. एकाच शहरात एकाच साथीला दोन तऱ्हांनी भिडलेली ही माणसं.

पण बंडापेक्षाही खोलवर परिणाम झाला तो लपवाछपवीचा. रोग्याला माळ्यावर दडवायचं, मेला तर रात्रीत उरकायचं, मृत्यूचं कारण विचारलं तर ‘ताप’ सांगायचं. त्या वर्षांत मुंबईत एकूण नोंदले गेलेले मृत्यू नेहमीपेक्षा जितके वाढले, त्यातले कितीतरी प्लेगच्या खात्यात दिसतच नाहीत. ते साधा ताप, छातीचे विकार अशा सदरांत विखुरले आहेत. सरकारनं मोजणीसाठी सगळी ताकद लावली आणि त्याच ताकदीनं मोजणी बिघडवली.

भगूर, १८९९

नाशिकजवळ दारणेकाठी भगूर आहे. तिथल्या सावरकरांच्या घरानं दोन साथींचा मार सोसला. १८९२ मध्ये राधाबाई पटकीनं गेल्या, तेव्हा त्यांचा मधला मुलगा विनायक नऊ वर्षांचा होता. पुढे प्लेग भगुरात शिरला आणि १८९९ मध्ये वडील दामोदरपंत गेले, पाठोपाठ चुलतेही. धाकटा नारायण तापला. थोरले बंधू गणेश, म्हणजे बाबाराव, त्याला घेऊन नाशिकच्या प्लेगच्या रुग्णालयात गेले. तिथे शुश्रूषा करता करता त्यांनाही प्लेगनं गाठलं. दोघं भाऊ त्यातून वाचले. भगूरचं घर सुटलं आणि कुटुंब नाशकात येऊन राहिलं.

हे घर पुढे इतिहासात गेलं म्हणून त्याची हकीकत आपल्याला माहीत आहे. त्या वर्षांत असा घरोघर पसरलेला उच्छाद जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी पाहिला आणि त्यांची हकीकत कुणी लिहिली नाही. तिची एकच खूण उरली आहे, ती गावच्या दप्तरात. जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात तो. आज ते पुस्तक धुंडाळलं जातं ते पणजोबांच्या जातीचा पुरावा काढायला. पण त्याच पानांवर मृत्यूच्या ओळी अचानक दाटीवाटीनं येऊ लागतात तेव्हा साथ गावात कधी शिरली ते कळतं. पाटील-कुलकर्ण्यांनी बोरूनं भरलेली ही पानं तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला जात आणि सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात एकेक बेरीज होऊन बसत. पुढच्या सगळ्या शास्त्राचा कच्चा माल हाच.

गावकऱ्यांची मात्र स्वतःची एक सूचनायंत्रणा होती आणि ती सरकारी यंत्रणेपेक्षा तरबेज निघाली. घरात आढ्यावरून उंदीर पडू लागले, झिंगल्यासारखे फिरून मरू लागले, की गाव उठायचं. माणसं शेतात, माळावर झोपड्या घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायची. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द म्हणजे निघायचा हुकूम. उंदरांचं मरण आधी आणि माणसांचं नंतर, यामध्ये काही दिवसांची सवड असते, हे त्यांनी पाहून पाहून जाणलं होतं. ज्याला आज पूर्वसूचना म्हणतात ती हीच.

पिसवेचा माग

शास्त्रज्ञांचं मत तेव्हा वेगळं होतं. प्लेग घाणीतून, दमट जमिनीतून, कोंदट हवेतून, रोग्याच्या कपड्यांतून येतो असं बहुतेकांना वाटे. म्हणून तर गटारांत औषधं ओतणं आणि कपडे जाळणं चाललं होतं. व्लादिमीर हाफकिन हा जंतुशास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यानं लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. रोगजंतू कोणता हेही १८९४ च्या हाँगकाँगमधल्या साथीत कळलं होतं. पण तो माणसापर्यंत येतो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदरावरची पिसू त्याला कारण आहे. त्याच सुमारास भारतात फिरत असलेल्या सरकारी प्लेग कमिशननं त्याला फारसं वजन दिलं नाही.

पुढे कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन यानं मुंबईत हा धागा पुन्हा उचलला. भायखळ्याच्या राणीबागेत गिनीपिग प्लेगनं मेले. चौकशी केली तर त्यांच्या आधी तिथले उंदीर मेलेले होते, आणि गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा मिळाल्या. मग त्यानं उंदीर मरून ओस पडलेल्या चाळींच्या खोल्यांत गिनीपिग मोकळे सोडले. उपाशी पिसवा त्यांच्यावर धावल्या. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसू उतरते आणि जे गरम अंग आधी सापडेल त्यावर चढते. उंदीर संपले की ते अंग माणसाचं असतं.

१९०५ मध्ये नेमलेल्या नव्या संशोधन मंडळानं परळच्या प्रयोगशाळेत हे निर्विवाद सिद्ध केलं. प्रयोग साधे आणि चोख होते. पिसवांनी भरलेल्या खोलीत काही गिनीपिग जमिनीवर ठेवले, काही वर टांगलेल्या पिंजऱ्यांत, जिथवर पिसवेची उडी पोचत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला. जमिनीवरचे मेले, टांगलेले आणि चिकट पट्ट्यामागचे वाचले. हवा सगळ्यांना सारखीच होती, म्हणून हवा सुटली. पिसू अडकली.

माळावर झोपडी घालणारा शेतकरी बरोबर होता, हे आता छापील अहवालात आलं. मात्र मधल्या काळात लाखो माणसं गेली होती. १८९६ पासून १९३० पर्यंतच्या प्लेगबळींची भारतातली बेरीज सव्वा कोटीच्या आसपास धरली जाते. लशीवरचा विश्वासही डळमळला होता, कारण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दूषित बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वातानं मृत्यू झाला. हाफकिन निर्दोष ठरायला काही वर्षं जावी लागली, आणि परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

एडिंबरोत मांडलेला मुंबईचा आलेख

मंडळाच्या अहवालांबरोबर मुंबईतल्या दर आठवड्याच्या प्लेग-मृत्यूंचे आकडेही छापले गेले. ते वीस वर्षांनी भलत्याच ठिकाणी उपयोगी पडले.

अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. तरुणपणी तो रोनाल्ड रॉसबरोबर आफ्रिकेत हिवतापाच्या मोहिमेवर गेला होता आणि साथींना गणिताच्या भाषेत मांडता येतं हे खूळ रॉसनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं. पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करून, प्रकृती बिघडल्यावर, तो एडिंबरोच्या एका प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. तिथे त्याला विल्यम ओगिल्व्ही केरमॅक भेटला. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात या तरुण रसायनशास्त्रज्ञाचे दोन्ही डोळे गेले होते. तो गणित मनात करायचा. या दोघांचा निबंध १९२७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

त्यांची कल्पना अशी. लोकसंख्येचे तीन गट करा : ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि जे त्यातून बाहेर पडले ते, मग बरे होऊन असोत की मरून. पहिल्या गटातून दुसऱ्यात किती वेगानं भर पडते आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगानं माणसं जातात, यावर साथीचं सगळं भवितव्य ठरतं. तोवर असं मानलं जाई की साथ थांबते ती एक तर रोग होण्याजोगी माणसं संपतात म्हणून किंवा जंतूचा जोर ओसरतो म्हणून. या दोघांनी दाखवलं की दोन्ही गरजेचं नाही. रोग होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली आली की साथ आपोआप विझते, मागे कितीतरी माणसं रोग न होता उरतात. आणि संख्या उंबरठ्याच्या खालीच असेल तर एखादा रोगी गावात आला तरी साथ पेटत नाही. लसीकरणाचं सगळं गणित या उंबरठ्यावर उभं आहे. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून घरोघर पोचलेला ‘आर’ हा आकडा त्याच घराण्यातला.

सिद्धांत कागदावर ठीक, पण प्रत्यक्ष साथीशी ताडून पाहायला आकडे हवेत. त्यांनी निवडले ते मुंबईचे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले. सूत्रानं काढलेली घंटेच्या आकाराची रेषा आणि त्यावर जवळजवळ नेमके बसलेले मुंबईच्या मृत्यूंचे ठिपके. एप्रिलच्या मध्याला शिखर, आठवड्याला नऊशेच्या जवळ मृत्यू, मग उतार. साथींचं गणित शिकणारा जगातला कुठलाही विद्यार्थी आज हा आलेख पाहतो.

हेच आकडे का, याचं कारण निष्ठुर आहे. प्लेगचे नोंदलेले बहुतेक रोगी मरतच होते. त्यामुळे मृत्यू मोजले की ‘बाहेर पडलेले’ आपसूक मोजले जात. रोगी लपवता येतो, प्रेत लपवणं अवघड. लपवाछपवीच्या त्या शहरात जो आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा होता, त्यावर या शास्त्राची पहिली ताडणी झाली.

लेखकांनी स्वतःच बजावलं होतं की प्लेग उंदरांमार्फत पसरतो, ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो, तेव्हा हे जुळणं ढोबळच समजावं. ते खरंही होतं. मुंबईत प्लेग दर वर्षी हिवाळ्याअखेर चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा, कारण कोरड्या उष्णतेत पिसवा टिकत नाहीत. म्हणजे त्या सुंदर उतारात लोकसंख्येच्या गणिताइतकाच हवामानाचाही हात होता. ऋतूंचा हा धागा त्या निबंधाच्याच दशकात सर लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरनं धरला. देवी, पटकी अशा रोगांच्या मृत्यूंचे आकडे आणि हवेतली आर्द्रता, पाऊस यांचा मेळ घालून पुढची साथ कुठे उठेल याचा अंदाज आधी बांधता येईल, असं त्यानं मांडलं. हवामानावरून साथीचं भाकीत करण्याचे आजचे प्रयत्न या वाटेनंच जातात.

ममला गावाचे उंदीर

स्वातंत्र्यानंतर देवी गेली, पटकीचा जोर ओसरला, प्लेग विस्मरणात गेला. दर आठवड्याला नोंदी मागवून त्या वाचायची शिस्तही ढिली झाली. तिला जाग आली १९९४ मध्ये, आणि तीही महाराष्ट्रातूनच.

आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्याचे हादरे बसलेल्या बीड जिल्ह्यातल्या ममला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर पडू लागले, आणि मग गाठी आलेले रोगी दिसले. क्रम अगदी शंभर वर्षांपूर्वीचाच. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं माणसं मरू लागली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. सुरतेच्या कापड धंद्यात खानदेशातले हजारो कामगार होते, त्यामुळे नंदुरबार, धुळे, जळगावकडे येणाऱ्या गाड्या भरून वाहिल्या. देशभरात बळी पन्नासहून थोडे अधिक, पण विमानं थांबली, निर्यात अडली, जगानं भारताकडे पाठ फिरवली. रोगापेक्षा रोगाची बातमी मोठी झाली, कारण खरं किती आणि अफवा किती हे सांगू शकेल अशी भरवशाची यंत्रणाच नव्हती.

त्या नामुष्कीतून १९९७ मध्ये एक राष्ट्रीय कार्यक्रम आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम उभा राहिला. त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. ‘एस’ फॉर्म उपकेंद्रावरची आरोग्यसेविका लक्षणं पाहून भरायची, ‘पी’ फॉर्म डॉक्टर भरायचा, ‘एल’ फॉर्म प्रयोगशाळा भरायची. दर आठवड्याला हे कागद जिल्ह्याला जात. एका गावात हगवणीचे रोगी नेहमीपेक्षा अचानक वाढले तर जिल्ह्याला ते प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता कळावं, हा हेतू. ‘उंदीर पडले’ याचीच ही सरकारी आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

सिंहस्थ, २०१५

आठवड्याची नोंद गावाला पुरते. पण जिथे एका दिवसात लाखो माणसं येतात, एकाच नदीत उतरतात आणि संध्याकाळी देशभर पांगतात, तिथे आठवडा म्हणजे युग झालं. यात्रा आणि पटकी यांचं नातं जुनं. १८६७ च्या हरिद्वार कुंभाहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी पटकी वाटेतल्या गावोगाव पोचवली होती. इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांची झोप उडवणारा विषय म्हणजे यात्रा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण १४ जुलै २०१५ ला झालं. २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरला दोन्हीकडे शाही स्नान होतं. १८ सप्टेंबरला फक्त नाशिकला, रामकुंडावर, आणि २५ ला फक्त त्र्यंबकला. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी प्रशासनाच्या लक्षात होती, तेव्हा ३९ भाविक गेले होते. त्यामुळे पूर्वतयारीत नव्या कल्पनांना दार उघडं होतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधले प्राध्यापक रमेश रासकर मूळ नाशिकचे. त्यांच्या पुढाकारानं शहरात ‘कुंभथॉन’ भरू लागले होते. स्थानिक विद्यार्थी, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसून गर्दी मोजायची कशी, आजारांची खबर लवकर काढायची कशी, यावर डोकी लढवत होते.

रोगसर्वेक्षणाचा मोठा प्रयोग केला तो डॉ. सच्चित बलसारी आणि त्यांच्या हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी, राज्याच्या आरोग्य यंत्रणेच्या साथीनं. मेळ्यातल्या दवाखान्यांत पूर्वी काय व्हायचं? डॉक्टरपुढे रांग, हातात रजिस्टर, नाव-वय-तक्रार-औषध अशी घाईत ओढलेली ओळ, आणि दिवसाअखेर कुणीतरी घातलेली बेरीज. बेरीज वर पोचेपर्यंत यात्रेकरू गावी पोचलेला. २०१५ मध्ये ही ओळ टॅबलेटवर भरली जाऊ लागली आणि कोणत्या दवाखान्यात कोणती तक्रार वाढते आहे हे त्याच दिवशी दिसू लागलं. याच गटानं २०१३ च्या अलाहाबाद कुंभात अशीच नोंद आधी घेऊन पाहिली होती : तीन आठवडे, पाच दवाखाने, ४९,१३१ रोगी.

तिथे निघालं काय? अंगदुखी, सांधेदुखी १९ टक्के. ताप १७, खोकला १७, सर्दी १६. ज्या हगवणीच्या भयानं दीडशे वर्षं यात्रांकडे पाहिलं गेलं, ती अवघी ५ टक्के. पायी चालून, उघड्यावर झोपून आलेल्या माणसाला मुख्यतः हवं होतं ते दुखणाऱ्या पायांवर औषध. औषधसाठा कशाचा करायचा हे ठरवायला याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

आणखी एक गोष्ट अनपेक्षितपणे वर आली. आलेल्यांतल्या बहुतेकांना काही ना काही औषध दिलं गेलं होतं, आणि सर्वांत जास्त दिल्या गेलेल्या औषधांत अँटिबायोटिक होती. सर्दी-खोकल्यावर सढळ हातानं प्रतिजैविकं वाटली की ती पुढे निकामी होतात, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. सर्वेक्षण मांडलं होतं रोग्यांवर नजर ठेवायला, त्यानं डॉक्टरांची सवयही टिपली.

१८९७ शी तुलना केली की फरक कळतो. इथे कुणी कुणाची काख चाचपली नाही, भिंतीवर वर्तुळ काढलं नाही. माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात आला, त्याला मोफत औषध मिळालं आणि त्या बदल्यात त्याची एक ओळ नोंदली गेली. उपचार आधी, नोंद ओघानं. म्हणून ती खरी निघाली.

मालेगाव, २०२०

हा धडा पक्का झाला असता तर पाच वर्षांनी मालेगावात जे झालं ते वेगळं झालं असतं. ८ एप्रिल २०२० च्या सुमारास यंत्रमागांच्या या दाट वस्तीच्या शहरात करोनाचे पहिले रोगी सापडले आणि काही आठवड्यांत जिल्ह्यातले बहुसंख्य रोगी तिथलेच होते. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, अंतर राखायचं कसं? त्यात नागरिकत्वाच्या वादामुळे घरोघर माहिती विचारत फिरणाऱ्यांकडे आधीच संशयानं पाहिलं जात होतं. विलगीकरणात नेलेला माणूस परत येत नाही, अशा वावड्या उठल्या. खासगी दवाखाने बंद पडले. लोकांनी ताप लपवला. शहरात नक्की किती मृत्यू होताहेत याचा अंदाज बडा कब्रस्तानातल्या दफनांच्या नोंदींवरून बांधावा लागला. त्या मागच्या वर्षाच्या मानानं एकदम वाढल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईसारखंच, जिवंतांचा हिशेब लागेना तेव्हा मेलेल्यांचा विचारला गेला.

तिथली परिस्थिती सावरली तीही उलट मार्गानं. मोहल्ल्यातले डॉक्टर पुन्हा दवाखान्यात बसले, मौलानांनी आवाहनं केली, ओळखीची माणसं दारावर गेली, आणि ताप आलेला माणूस पुढे येऊ लागला.

हिशेबाची बाकी

या सव्वाशे वर्षांतून हाती काय लागलं, हे मोजून सांगता येतं. प्लेगच्या साथीनं पिसवेचा शोध पक्का केला, साथींच्या गणिताला पहिली कसोटी दिली आणि एक कायदाही दिला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. ममला आणि सुरतेनं आठवड्याची नोंद दिली, कुंभमेळ्यांनी ती दिवसावर आणली. पुण्यात सांडपाण्यातून करोना विषाणूचा माग काढण्याचं काम झालं, म्हणजे आता माणूस दवाखान्यात यायच्या आधीही वस्तीतल्या रोगाची कुणकुण लागू शकते. त्यात कुणाचं नाव लागत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

पण या सगळ्यांत एकही साधन असं नाही जे घाबरलेल्या वस्तीत नीट चालेल. १९०६ चा आलेख सुबक आला, कारण त्यात मृत्यू मोजले होते. रोगी मोजायचे असते तर तो तसा आला असता का, याची शंका घ्यायला जागा आहे. आणि साथ थोपवायची तर मृत्यू मोजून भागत नाही. तोवर दोन-तीन आठवडे निघून गेलेले असतात. लवकर कळायचं असेल तर ज्याला काल ताप आला त्यानं आज सांगायला हवं. तो कधी सांगेल? सांगितल्यावर घराला डाग लागणार नाही, रोजंदारी बुडणार नाही आणि औषध मिळेल, अशी खात्री असेल तेव्हा.

नाशिकला पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्यासाठी रस्ते, घाट, पूल यांचे आराखडे होत आहेत, कॅमेरे आणि संगणकही येतील. आरोग्याच्या आराखड्यात मात्र पहिली तरतूद साधी असावी : प्रत्येक तळावर, प्रत्येक आखाड्याजवळ असा दवाखाना, जिथे माणसाला विचारपूस कमी आणि उपचार लवकर मिळेल. डॉक्टरपुढची रांग झपझप सरकत असेल तर लोक येतील, आले तर नोंद होईल, आणि नोंद खरी असेल तर उरलेलं काम गणित करील. ते गणित १९२७ पासून तयार आहे.